हॉल्टिंग

१
भाडं चालण्याचं मिळतं. थांबण्याचं वेगळं मागावं लागतं, त्याला हॉल्टिंग म्हणतात. बिलात लिहिलेलं हॉल्टिंग आणि हातात पडलेलं हॉल्टिंग यांची गाठ क्वचितच पडते.

२
रत्नागिरीच्या दक्षिणेला, सड्यावर, एक चिरेखाण. मशीनने जांभा कापून ठेवलाय. तांबडी धूळ सगळ्यांच्या भुवयांवर. खालचा माणूस चिरा उचलतो, एक झोका देतो. वर ट्रकात उभा असलेला तो पोटाशी झेलतो आणि थरात लावतो. चिरा तीसेक किलोचा. झेलताना वरचा गुडघ्यात किंचित वाकतो, दर वेळी तेवढाच. दोघे विजापूरकडचे. आपसात कन्नड, मुकादमाशी मराठी, मोबाइलवर हिंदी गाणी.

साडेतीनशे चिरे भरायचेत. ड्रायव्हर ट्रकखालच्या सावलीत गोणपाट टाकून झोपलाय. इंजिन बंद आहे. हप्ता चालू आहे.

३
पुण्यात कचऱ्याच्या रॅम्पवर पाहिलेलं. घंटागाड्या उतारावरून वर चढतात आणि खाली ठेवलेल्या मोठ्या लोखंडी पेटीत कचरा ओततात. पेटी भरली की एक ट्रक येतो. त्याला मागे बॉडीच नसते, नुसता सांगाडा आणि त्यावर आडवा पडलेला काटकोनी दांडा. दांड्याच्या टोकाला हूक.

ट्रक उलटा येतो. दांडा मागे वाकून खाली जातो. पेटीच्या पुढच्या बाजूला आडवी पोलादी पट्टी असते, तिच्याखाली हूक शिरतो आणि उचलतो. पेटीचं तोंड वर, बूड जमिनीवर. बुडाला लोखंडी रोलर, ते डांबरावर किंचाळतात. ड्रायव्हरने गाडी न्यूट्रलला ठेवलेली असते, त्यामुळे पेटी पुढे येते आणि ट्रकही थोडा मागे सरकत तिच्याखाली जातो. कोण कोणाला ओढतंय ते सांगता येत नाही. धप्प. लॉक पडलं. दोनेक मिनिटांचं काम, आणि ड्रायव्हर खाली उतरलेला नाही.

क्लीनर मात्र मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करतच होता. आरशात सगळं दिसतं, तरी.

४
हा हूक लोडर. ट्रक एक, पेट्या अनेक. एक पेटी रस्त्यावर, एक भरत असलेली, एक रिकामी होऊन पुढच्या जागेची वाट पाहणारी. जोर गिअरबॉक्सवरच्या पीटीओचा, तो हायड्रॉलिक पंप फिरवतो. त्याच सिलिंडरांनी पेटी उलथताही येते, म्हणजे टिपरचं कामही होतं.

फ्रान्सच्या मारेलचा अँप्लिरोल आणि फिनलंडचा मल्टिलिफ्ट ही या घराण्यातली जुनी नावं. जर्मन मानकात हूक जमिनीपासून १५७० मिलिमीटरवर धरतो. सगळीकडे हाच आकडा नाही. ट्रक एका टेंडरचा, पेट्या दुसऱ्या टेंडरच्या, आणि मधे काही बोटांचा फरक. मग दोन्ही नवेकोरे, दोन्ही आवारात उभे.

५
बैलगाडीत हे होतंच. जू खाली टेकवलं, बैल सोडले. गाडी भरत राहिली, बैल चरायला गेले. इंजिन आल्यावर आपण बैलाला गाडीशी कायमचं वेल्ड करून टाकलं.

६
अमेरिकेतल्या नॉक्सव्हिल गावचा कंत्राटदार जॉर्ज डेम्पस्टर याने १९३० च्या दशकात पेटी खाली ठेवून जाणारा आणि भरली की उचलून नेणारा ट्रक तयार केला. आधी ठेकेदारीत वापरला, मग नगरपालिकांना विकला. पुढे तो त्याच गावाचा महापौर झाला.

आधी पेटी, मग महापौर. आपल्याकडे क्रम बदलूनही पाहतात.

७
माल्कम मॅकलीन हाही ट्रकवाला. बंदरावर कापसाच्या गासड्या उतरायची वाट बघत ट्रकात दिवसभर बसून राहावं लागलं, तेव्हा कंटेनरची कल्पना सुचली, असं तो म्हातारपणी सांगायचा. २६ एप्रिल १९५६ ला त्याचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. कंटेनरच्या इतिहासकारांना त्या कापसाच्या गोष्टीचा भरवसा वाटत नाही. ट्रकवाल्यांना वाटेल.

८
मिरजोळे एमआयडीसीतून सुरिमीचे रीफर कंटेनर न्हावाशेव्याला जातात. मासळीचा लगदा, उणे तापमानात, जपानपर्यंत नावाजलेला माल. मिरकरवाड्यातून बर्फात घातलेली मासळी टेम्पोतून जाते आणि तिचं पाणी वळणावळणावर सांडत जातं. दुचाकीवाल्याला दुसरी गाडी आधी कळते. वासाने नव्हे, चाकाने.

९
साधा कंटेनर स्वतःहून खाली उतरत नाही. त्याला क्रेन लागते नाहीतर स्टॅकर. हूकची पेटी जिथे नेली तिथे उतरते: बाजारात, शाळेच्या मैदानावर, मोडलेल्या घराच्या अंगणात. तिचा सगळा रुबाब एवढाच.

१०
वजनाचा हिशेब. २०१८ साली केंद्र सरकारने दहा टायरी ट्रकची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन केली. त्यात गाडी, ड्रायव्हर, डिझेल, माल, सगळं आलं. हूक, सिलिंडर आणि सबफ्रेम मिळून दोन-अडीच टन जातात. वर पेटी, तीही दोनेक टनांची. साध्या टिपरच्या तुलनेत दर खेपेला टन-दीड टन माल कमी बसतो.

म्हणजे कायद्याने चालणाऱ्याचं नुकसान टन-दीड टनाचं. जो कायद्याने चालत नाही, त्याला हा प्रश्न पडत नाही. २०१९ पासून ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. खाणीवर दोघांना विचारलं. दोघांना रक्कम तोंडपाठ. पाठ कशी झाली, ते मी विचारलं नाही.

११
पेट्या कितीही असल्या, तरी आरसी बुकात बॉडीच्या प्रकाराला एक रकाना आहे. एकच.

१२
रत्नागिरी स्टेशनावर सकाळी रो-रो उभी होती. सपाट वाघिणींवर ट्रकांची रांग, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, चाकांना पाचर. एका ट्रकच्या फूटबोर्डवर ड्रायव्हर दात घासत बसलेला. मागच्या ट्रकखाली, वाघिणीवरच, स्टोव्ह पेटवायचा की नाही यावर दोघांची चर्चा चाललेली. पेटवला नाही. एवढ्यात सिग्नल मिळाला.

कोकण रेल्वेने हे २६ जानेवारी १९९९ ला सुरू केलं: कोलाड ते वेर्णा, सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. पुढे गाडी सुरतकलपर्यंत गेली. भरलेला ट्रक उतारावरून वाघिणीवर चढवायचा, घाट रेल्वेने काढायचे, उतरून पुढे आपल्या चाकांनी. टायर वाचतात, डिझेल वाचतं, ड्रायव्हरची झोप होते. हूक लोडर ट्रकवरून पेटी उतरवतो. इथे ट्रकच पेटी झाला.

पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे. त्यावरून जाताना ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये, आपल्या स्टिअरिंगसमोर बसलेला असतो. इंजिन बंद. एका जुन्या ड्रायव्हरने सांगितलं, पहिल्या वेळी कारबुड्याच्या बोगद्यात त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. साडेसहा किलोमीटर बोगदा, आणि पूर्णवेळ पाय ब्रेकवर.

१३
२०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने खासगी मोटारींसाठीही रो-रो काढली. एका गाडीत ४० मोटारी, भाडं मोटारीमागे ७,८७५ रुपये, माणसांचं तिकीट वेगळं. चढायचं कोलाडला. मुंबईहून कोलाडपर्यंत मोटार चालवतच न्यायची, म्हणजे पनवेल ते पेण सगळं आपलं आपण सोसायचं. उतरायला वेर्णा, मागणी झाल्यावर नांदगावही दिलं.

रत्नागिरीकराची मोटार रत्नागिरीवरून जाते. उतरत नाही. बुकिंग तुटपुंजं झालं याचं रेल्वेला आश्चर्य वाटलं असावं.

१४
जयगड–तवसाळ, दाभोळ–धोपावे या फेरीबोटी हेच काम गाजावाजा न करता करतात. तिथे एसटीवाला, आंब्याचा पिकअप आणि नवरदेवाची मोटार एकाच फळीवर उभी असते. कुणी कुणाला हॉर्न देत नाही. देऊन उपयोग नाही.

१५
बोटीच्या काळात आगबोट भगवती बंदरात लांब उभी राहायची. माल बोटीतून पडावात, पडावातून धक्क्यावर, धक्क्यावरून बैलगाडीत, गाडीतून वखारीत. प्रत्येक ठिकाणी वेगळा हात, वेगळी हमाली, वेगळी फूट. काचेचं सामान मागवणारे व्यापारी एक डझन जास्तच मागवत.

१६
वाशीच्या बाजारात हंगामातल्या पहिल्या हापूसच्या पेटीची पूजा होते, फोटो छापून येतो. बागायतदाराचं नाव, गावाचं नाव, पेटीचा भाव, सगळं असतं. ज्या गाडीतून ती रात्रभर आली, तिचा नंबर कोणी विचारत नाही.

१७
हूकने उचलताना पेटी तिरपी होते, चांगली तिरपी. आंब्याची खोकी एका कोपऱ्यात जाऊन बसतील. चिऱ्याचे थर घसरतील, कडा उडतील आणि गवंडी कडा उडालेला चिरा परत पाठवतो. मासळीच्या बर्फाचं पाणी मागच्या दाराला जाईल.

मग उरतो तो कचरा, भंगार, राडारोडा, माती, झाडांच्या फांद्या. ज्या मालाला मान नाही, तो.

१८
हे यंत्र विकणारे 'लवचीकता' हा शब्द फार वापरतात. एक माल थांबला की दुसऱ्याची पेटी चढवा, ट्रक बसून राहणार नाही.

कोकणात असं होत नाही. एप्रिल-मेमध्ये सगळं एकदम: आंबा, पावसाआधी घराचं काम उरकायचं म्हणून चिरा, मासेमारी बंद होण्याआधीची मासळी, चाकरमान्यांचं सामान. तेव्हा एका ट्रकला दहा पेट्या असून उपयोग नाही, दहा ट्रक हवेत. आणि जून उजाडला की सगळं एकदम थांबतं. आंबा संपला, खाणीत पाणी भरलं, होड्या किनाऱ्यावर ओढल्या, बांधकामावर ताडपत्री. ट्रान्सपोर्टवाले गॅरेजची कामं काढतात, नाहीतर घाटावर ऊस सुरू व्हायची वाट बघतात.

पावसात वाहून न्यायला उरतं काय? कचरा, दरडीची माती, उन्मळून पडलेली झाडं. म्हणजे पुन्हा बिनमानाचा माल. त्याचं भाडं देणारं गिऱ्हाईक एकच, सरकार. आणि ते हॉल्टिंग देत नाही.

१९
चिपळूण, २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. ते उतरल्यावर जे रस्त्यावर आलं ते पुरापेक्षा जास्त दिवस राहिलं. प्रत्येक दुकानातला सगळा माल, प्रत्येक घरातल्या सगळ्या गाद्या. फ्रीज, तांदळाची पोती, औषधांच्या बाटल्या, लग्नाचे अल्बम. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं. सगळ्याला एकच रंग.

बाहेरच्या महापालिकांची पथकं मदतीला आली, यंत्रं आली, डंपर आले. ते सगळे राबले, यात शंका नाही. पण बाजारपेठेतलं काम कसं चालायचं ते आठवतं. अरुंद गल्लीच्या तोंडाशी जेसीबी. तो डंपर भरतो. डंपर निघतो, बाहेर अडकतो. जेसीबी थांबतो. चार डंपर एकदम परत येतात. आता डंपर थांबतात. गल्लीतले लोक घमेलं घेऊन उभे. त्यांनी आणलेला चिखल टाकायला जागा नाही, म्हणून ते शेजाऱ्याच्या दारासमोर टाकतात. शेजारी आपला त्यांच्या दारासमोर टाकतो.

गल्लीच्या तोंडाशी एक रिकामी पेटी असती, तर लोकांनी ती रात्रीतसुद्धा भरली असती. पेटीला डिझेल लागत नाही, भत्ता लागत नाही, झोप लागत नाही. ट्रकने फक्त भरलेली उचलायची, रिकामी ठेवायची.

थांबायचं कोणी, एवढाच प्रश्न आहे: पन्नास लाखांच्या गाडीने की लोखंडाच्या डब्याने.

२०
त्याच चिपळूणची दुसरी बाजू. पुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूण बचाव समितीने डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण केलं. पुढच्या वर्षी काम सुरू झालं, नाम फाउंडेशनही उतरलं. तिथे हूक लोडरचा काही उपयोग नव्हता. पोकलेनच्या चार-पाच बकेटांत डंपर भरतो. जिथे भरायला पाच मिनिटं लागतात, तिथे पेटी ठेवायची कशाला? तिथे साधा टिपरच बरा.

विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात हे नसतं.

२१
रत्नागिरीत एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस ही बातमी नव्हे. सहा मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद उघड्या पेटीत तेवढ्या पावसाचं साडेतेराशे लिटर पाणी साठतं. सकाळी काट्यावर ते सव्वा टनाहून जास्त कचरा म्हणून दिसतं, आणि ठेकेदाराचं बिल टनावर असतं.

पाणी जायला भोक ठेवलं तर भाडं बुडतं. भोक बुजवलं तर ते काळं पाणी वाहून नेण्याचे पैसे मिळतात. पेटीला भोक आहे की नाही, हे बघायला जुलैत कोणीतरी वाकलं पाहिजे.

२२
खारा वारा. पेटी बाहेरून रंगवतात, ती आतून, तळाकडून जाते. आधी पापुद्रे, मग जाळी. मग एक दिवस चढावर मागे येणाऱ्या रिक्षावाल्याला कळतं.

२३
डंपर प्लेसर वेगळा. बऱ्याच नगरपालिकांकडे तोच असतो: दोन बाजूंना दोन हात, चार साखळ्या, मधे नावेसारखी छोटी कुंडी. साखळी अडकवायला माणसाला खाली उतरावं लागतं, कुंडीजवळ, कचऱ्यात उभं राहून. हूक लोडरमध्ये ड्रायव्हरचे हात स्वच्छ राहतात. दोन्ही यंत्रांची तुलना करताना क्षमता, सायकल टाइम, इंधन यांचे तक्ते असतात. हाताचा तक्ता नाही.

२४
सपाट जागा हवी, ही या यंत्राची पहिली अट. उतारावर पेटी उचलताना ट्रकचं पुढचं चाक हलकं होतं. पेटी जड असेल तर उचललंही जातं. शिवाय पुढे मोकळी जागा, वर मोकळं आभाळ. दांडा वर गेला की वायर, फांदी, दुकानाचा बोर्ड, सगळं त्याच्या वाटेत.

रत्नागिरीत सपाट, रुंद आणि मोकळी जागा कुठे आहे, याची यादी करायला घेतली. भाट्याची पुळण निघाली.

२५
जर्मनीत अग्निशमन दलाकडे हेच हूकवाले ट्रक असतात. दलाच्या आवारात पेट्या रांगेत ठेवलेल्या: एकीत होज, एकीत फेस, एकीत रासायनिक गळतीचं सामान, एकीत पुराचे पंप. फोन आला की तशी पेटी उचलायची.

मुंबई–गोवा आणि मिऱ्या–नागपूर हे दोन महामार्ग हातखंब्याला एकमेकांना छेदतात. जयगडहून निघालेले गॅसचे टँकर तिथूनच जातात, म्हणजे गळतीची पेटी तिथे कामाची. सप्टेंबर २०२२ मध्ये अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत गेला, तेव्हा महामार्ग बंद पडला आणि सगळ्यांनी आपापल्या गाडीत बसून हॉल्टिंग केलं. बिनपैशाचं.

२६
सैन्यालाही हूक लागतो. अमेरिकी सैन्य १९९० च्या दशकापासून याच पद्धतीच्या ट्रकांनी दारूगोळा हलवतं, ब्रिटिशांचंही तसंच. दांडा तोच, हूक तोच, रोलर तेच. इंदूरला त्यात कचरा, ओला-सुका वेगळा.

२७
जानेवारी २०२५ मध्ये मिरकरवाडा बंदरातली अनधिकृत बांधकामं पाडली. दोन-तीन दिवसांत सपाट. पाडायचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. पाडल्यावर जे उरतं त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही: विटा, पत्रे, सिमेंटचे तुकडे, जाळ्यांचे गुंते, थर्माकोलच्या फुटक्या पेट्या.

बांधकामाच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत होतं की दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांवर राडारोडा करणाऱ्याने तो वेगळा करून द्यावा. घर पाडणारा कोकणी माणूस एवढा राडारोडा एकदम करत नाही. तो थोडाथोडा करतो. आणि थोडाथोडा तो खाडीच्या कडेला जातो, रात्री, टेम्पोने, बिनपावतीचा.

२८
वाशीला माल उतरवायचा तर माथाडी. महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला तेव्हा डोक्यावर ओझं वाहणाऱ्याला पहिल्यांदा हजेरी, भविष्यनिर्वाह आणि रजा मिळाली. ट्रकवाला वाराईच्या, म्हणजे हमालीच्या, नावाने बोटं मोडतो, माथाडी ट्रकवाल्याच्या नावाने. पेटी आपोआप उतरायला लागली, तर दोघे मिळून मोर्चा काढतील.

२९
खंडेनवमीला गाड्या धुतात, झेंडूचा हार, बॉनेटवर हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. पुण्यातल्या त्या रॅम्पवर ट्रकला हार होता, हुकालाही छोटा हार होता. पेट्यांना नव्हता. एका पेटीवर खडूने 'शुभ लाभ' लिहिलेलं होतं, खाली 'ओला'.

३०
छोटा हत्ती हा मिनी ट्रक २००५ साली आला. रत्नागिरीच्या आळ्यांतून जे वाहतं, त्यातलं बरंचसं तोच वाहतो: सिलिंडर, गणपती, वाळूच्या गोणी, मंडपाच्या खुर्च्या, वऱ्हाड. त्याची बॉडी कायम तीच. लवचीक आहे तो ड्रायव्हर.

३१
एका ट्रान्सपोर्टवाल्याला हूक लोडरचं सगळं सविस्तर सांगितलं. त्याने चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे पेटी रात्री रस्त्यावर ठेवायची?"

हो.

"उघडी?"

हो.

"मग ऐका. संध्याकाळी मी रिकामी ठेवणार. सकाळी तिच्यात आळीतल्या तीन गाद्या, एक फुटका कमोड आणि कोणाच्या तरी आजोबांचं कपाट असणार. माझा राडारोडा त्यावर कुठे भरू? आणि त्या कपाटाची पावती कोणाच्या नावाने फाडायची, ते सांगा ओ."